कथा ऐकून झाल्यावर 'छान' म्हणायचं की खरं सांगायचं?

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:१२

आमचा नाशिकचा लेखनगट आहे. सात जण, महिन्याचा दुसरा रविवार, एका वाचनालयाची वरची खोली. पंखा एकच, चहा खालच्या टपरीवरून. दोन वर्षं झाली, अजून मोडला नाही म्हणजे बराच म्हणायचा. पण या उन्हाळ्यात दोन गोष्टी घडल्या आणि तेव्हापासून मला तिथे तोंड उघडायची भीती वाटायला लागलीय.

पहिली अशी. गटातल्या एका काकांचा आवाज खणखणीत आहे, रेडिओवर शोभेल असा. त्यांनी बावीस मिनिटांची कथा वाचली. संपल्यावर टाळ्या. 'छान जमलीय', 'गाव डोळ्यांसमोर उभं राहिलं', वगैरे. त्यांनी ती एका दिवाळी अंकाला पाठवली. नकार आला, सोबत कारणाची एक ओळसुद्धा नाही. मग त्यांनी घरी बसून स्वतःच ती पुन्हा वाचली आणि पुढच्या बैठकीत अगदी शांतपणे विचारलं, "पहिली चार पानं नुसतं गावाचं वर्णन आहे. कथा पाचव्या पानावर सुरू होते. तुम्हा सहा जणांपैकी एकालाही हे जाणवलं नाही?"

जाणवलं होतं हो. मला तर दुसऱ्याच पानावर जाणवलं होतं. पण मी बिस्किट खात होते.

दुसरी गोष्ट त्याच्या आधीची आणि बरोबर उलटी. एक नवी मुलगी आली होती, आयुष्यातली पहिली कथा घेऊन. मी त्या दिवशी भलत्याच जोशात. सहा मुद्दे कागदावर काढून नेले होते, सहाच्या सहा सर्वांसमोर वाचले. ती 'हो, हो' म्हणत वहीत उतरवून घेत होती. मला वाटलं, काय उपयोग होतोय आपला! पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. व्हॉट्सॅपवर आहे, निळी टिक येते, उत्तर येत नाही.

तर एकाला सांगितलं नाही म्हणून दुखावला, दुसरीला सांगितलं म्हणून दुरावली. तुमच्या गटांत हे कसं करता? कृपया 'छान विषय, पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा) लिहून पळू नका.

टाकबोरू | सोमवार, रात्री १०:५१

छान विषय, पुलेशु.

(हघ्या, म्हणजे हलकेच घ्या.) आता खरं. तुमच्या काकांच्या बाबतीत चूक तुमच्या भिडेची कमी आणि त्यांच्या आवाजाची जास्त आहे. चांगला वाचणारा माणूस वाण्याची यादीसुद्धा डोळ्यांत पाणी येईल अशी वाचतो. कानाला परिच्छेद दिसत नाहीत, पान किती जाड आहे ते कळत नाही, मागे जाऊन बघता येत नाही. आमच्या गटात म्हणूनच बैठकीत वाचन बंद केलं. कथा आठवडाभर आधी पाठवायची, प्रत्येकाने घरी वाचायची, पेन्सिल घेऊन. बैठकीत फक्त बोलायचं. सुरुवातीला दोघांनी 'वेळ नाही मिळाला' सुरू केलं. न वाचता आलेल्याने त्या दिवशी चहाचे पैसे द्यायचे, असं ठरवलं. आता वाचून येतात.

कवितेला मात्र हे लागू नाही. ती ऐकायलाच हवी.

खवचट_खापर | सोमवार, रात्री ११:२०

सहा मुद्दे ऐकून जी गायब झाली, ती सातव्याला झालीच असती. लिहिणाऱ्याची कातडी गेंड्याची लागते. बाहेर वाचक काय हळद-कुंकू लावून घेणार आहे का? इथेच बघा, लोक फुसक्या लेखांच्या जिलब्या पाडतात, खाली तीस जण 'अप्रतिम' लिहितात, आणि तो माणूस एकतिसावी जिलबी टाकतो. एकाने वेळीच सांगितलं असतं तर निदान तेल वाचलं असतं.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ७:०५

खापरराव, तेलाचा मुद्दा मान्य. पण मी स्वतः पहिली कथा वाचली तेव्हा माझी कातडी गेंड्याची नव्हती, आणि तुमचीही नसावी. तेव्हा मला कुणी सहा मुद्दे ऐकवले असते तर आज हा धागा निघाला नसता. (काहींना तेही चाललं असतं म्हणा.)

सदरालेंगा | मंगळवार, सकाळी ९:३०

वयाचा फायदा घेऊन जरा मागचं सांगतो.

हे काही नवं नाही. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ जमलं, तेही असंच: रविवार, चहा आणि एकमेकांच्या कविता. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी. आपापसांत ते एकमेकांना काय बोलत असतील ते असो. बाहेरून आचार्य अत्रे 'केशवकुमार' होऊन त्यांच्या धाटणीची विडंबनं करत होते. विडंबन हा अभिप्रायाचा सगळ्यात निर्दय प्रकार. पण एक लक्षात घ्या, विडंबन करायला मूळ कविता बारकाईने वाचावी लागते. 'अप्रतिम' म्हणायला वाचावीही लागत नाही.

दुसरं उदाहरण मौज प्रकाशनाचं आणि त्यांच्या 'सत्यकथा' मासिकाचं. तिथले संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना पत्रं लिहीत. कथा साभार परत करून मोकळे होत नसत; कुठे काय अडतंय ते लिहीत आणि पुन्हा लिहायला लावीत, कधी कधी दोन-तीनदासुद्धा. सगळं टपालाने. त्या कामाला लागणारा वेळ आज कोणाकडे आहे? दिवाळी अंकाच्या संपादकाला कथा परत करताना ओळ लिहायला जमत नसेल तर मी त्याला दोष देणार नाही. ते काम आता तुमच्यासारख्या गटांवर येऊन पडलंय, एवढंच.

झाडीबोली | मंगळवार, दुपारी १:१५

सदरालेंगाकाका, दंडवत, पण नाण्याची दुसरी बाजूही सांगा ना. १९६९ मध्ये लघु अनियतकालिकं, म्हणजे छोटे अंक अधूनमधून काढणाऱ्या पोरांनी सत्यकथेची होळी केली, ती काय थंडी वाजत होती म्हणून नव्हे. त्यांचं म्हणणं होतं की या चाळणीतून एकाच जातीचं पीठ निघतं. संपादकाने हात फिरवला की कथा गुळगुळीत होते, हे गटातही होतं.

माझाच अनुभव. मी भंडाऱ्याकडची. पुण्यातल्या एका गटात कथा दिली. संवाद आमच्या बोलीत होते. एका ताईंनी फार प्रेमाने ते सगळे 'दुरुस्त' करून पाठवले. माझी म्हातारी 'कोठी जाऊन रायली वो?' विचारत होती, ती एकदम 'कुठे निघालीस गं?' म्हणायला लागली. सदाशिव पेठेत राहायला आल्यासारखी. गंमत म्हणजे कथेत खरोखरच एक चूक होती, मधला प्रसंग दोनदा आला होता, ती कुणालाच दिसली नाही. सगळ्यांचं लक्ष ऱ्हस्व-दीर्घावर.

साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांतसुद्धा पात्राच्या तोंडी 'असं केलं, मी म्हटलं' अशी बोलण्यातली रूपं चालतात. नियमाला जे कळतं ते गटाला का कळू नये?

टाकबोरू | मंगळवार, दुपारी १:४०

झाडीबोली, +१. शुद्धलेखन हा अभिप्राय न देण्याचा सगळ्यात प्रतिष्ठित मार्ग आहे. काही बोलल्याचं समाधान मिळतं आणि कथेला हातही लावावा लागत नाही.

पाणपोई | मंगळवार, रात्री ८:०२ (न्यू जर्सीहून)

इकडच्या एका सार्वजनिक वाचनालयात इंग्रजी लेखनाची कार्यशाळा असते, तिथे मी वर्षभर जात होतो. अमेरिकेत ही पद्धत आयोवा विद्यापीठाने रुजवली, त्यांचा वर्ग १९३६ पासूनचा. मुख्य नियम असा की ज्याची कथा त्याने तोंड उघडायचं नाही. बाकीचे त्याच्यासमोर बोलणार, तो फक्त ऐकणार. कारण साधं आहे. पुस्तक छापून आल्यावर लेखक वाचकाच्या शेजारी बसून 'नाही हो, मला तिथे असं म्हणायचं होतं' सांगू शकत नाही.

इकडे मराठी मंडळातल्या आम्ही पाच जणांनी तोच नियम लावला. दोन बैठकांत बोऱ्या वाजला. एक तर आपल्याला घरी आलेल्या माणसासमोर त्याच्याबद्दल तिऱ्हाइतासारखं बोलणं जमत नाही. 'लेखिकेने इथे...' म्हणायचं आणि लेखिका समोर पोह्यांवर खोबरं घालतेय! दुसरं, गप्प बसलेल्या माणसाचा चेहरा बघून सगळेच मवाळ होतात. शेवटी आम्ही ते उलटवलं. लेखकाने आधी बोलायचं, पण फक्त प्रश्न विचारायचे आणि तेही दोनच. 'कशी वाटली?' हा प्रश्न धरायचा नाही. 'शेवटी तो परत येणार हे तुम्हाला कुठे कळलं?' असला प्रश्न हवा. त्याची उत्तरं झाली की मग बाकीचं, लेखकाला हवं असेल तर.

एवढ्याने अर्ध्याहून जास्त ताप कमी झाला. प्रश्न लेखकाचाच असला की उत्तर मनाला लागत नाही. लागलं तरी त्यानेच मागितलेलं असतं.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०:३०

पाणपोई, हे आवडलं. इथेच करून बघूया का? खाली माझ्याच एका जुन्या कथेचा तुकडा देते, चार वर्षांपूर्वीचा. मला दोन प्रश्न विचारायचे आहेत. (१) तुमचं लक्ष नेमकं कुठे सुटलं? (२) माई तुम्हाला दिसली का, आणि कोणत्या वाक्यात?

> दुपारची वेळ होती. ऊन रणरणत होते. माई ओट्यावर बसली होती. तिच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर जणू आयुष्यभराच्या वेदनांचा नकाशा उमटला होता. समोर लोणच्याच्या कैऱ्यांचा ढीग होता. तिने विळीवर एक कैरी चिरली आणि फोडी परातीत टाकल्या. "यंदा बरणी लहान घे," ती सुनेला म्हणाली. विनायकला जाऊन अजून वर्षही झाले नव्हते. पोटच्या मुलाच्या आठवणीने तिचे काळीज पिळवटून निघाले.

खवचट_खापर | मंगळवार, रात्री १०:४४

(१) 'दुपारची वेळ होती.' (२) नाही.

टाकबोरू | मंगळवार, रात्री ११:०९

मी 'नकाशा'वर सुटलो. तोपर्यंत नुसतं 'होती, होते, होती' चाललं होतं, तेही मी सोसलं. पण नकाशा आला आणि मी माईकडे बघायचं सोडून लेखिकेकडे बघायला लागलो. माई दिसली ती 'यंदा बरणी लहान घे' ला. तिथे अंगावर काटा आला, खरंच. आणि लगेच पुढच्या दोन वाक्यांनी तो काटा का आला ते समजावून सांगितलं.

कोयबाठा | बुधवार, सकाळी ६:५०

कथेतलं मला कळत नाही, पण वर्षाला वीस किलो कैरीचं लोणचं घालते म्हणून बोलते. लोणच्याच्या कैऱ्या विळीवर? आमच्याकडे बाठ्यासकट फोडी करतात, त्याला मोठा अडकित्ता लागतो. विळीवर बाठ धरलेली कैरी चिरायला जाल तर हाताची बोटं लोणच्यात जातील. मी तिथेच थांबले आणि पुढचं वाचताना मनात हेच चालू होतं.

झाडीबोली | बुधवार, सकाळी ८:२०

काकू, काही घरी बाठ काढून टाकतात, मग विळी चालते. पण मग तसं दिसायला हवं.

कोयबाठा | बुधवार, सकाळी ८:४१

बाठ काढून टाकतात त्यांच्या लोणच्याला लोणचं म्हणू नये. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

सदरालेंगा | बुधवार, सकाळी ९:१५

मी सुचवतो, असं लिहा:

> वैशाखातील माध्यान्हीचा सूर्य जणू अग्निवर्षाव करीत होता. वृद्ध माई ओसरीवर विमनस्कपणे बसली होती. समोरील हिरव्यागार कैऱ्या पाहून तिच्या मनात भूतकाळाच्या अनंत स्मृती दाटून आल्या...

खवचट_खापर | बुधवार, सकाळी ९:२२

काका, राहू द्या. यापेक्षा नकाशा परवडला.

पाणपोई | बुधवार, सकाळी १०:४८

इकडे रात्रीचा सव्वा वाजलाय, पण राहवत नाही म्हणून लिहितो. माझा अभिप्राय नाही, प्रश्न आहे. ती सून म्हणजे विनायकची बायकोच ना? ज्याच्या जाण्यामुळे बरणी लहान झाली, त्याच्याच बायकोला माई बरणी आणायला पाठवतेय. मला त्या क्षणी माईचं काळीज नाही, सुनेचा हात बघायचा होता. ती कोणती बरणी उचलते?

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १२:३५

ऑफिसात डबा उघडा ठेवून हे लिहितेय.

पाणपोई, शपथेवर सांगते, चार वर्षांत मला ती सून दिसलीच नव्हती. मी तिला बरणी आणायला ठेवली होती, एखादी मोलकरीण असावी तशी. तिचं नावही ठरवलं नव्हतं.

आता एक गंमत सांगते, जी मला या दोन दिवसांत कळली. खापररावांनी दोन शब्दांत निकाल दिला. तो खरा होता, पण त्याचं काय करायचं ते मला कळेना. सदरालेंगाकाका, राग मानू नका, तुम्ही मनापासून लिहिलंत, पण ती कथा तुमची झाली, माझी राहिली नाही. टाकबोरूंनी त्यांचं काय झालं ते सांगितलं: इथे सुटलो, इथे काटा आला. त्यावर मला वाद घालता येत नाही, कारण काटा त्यांच्या अंगावर आला होता, माझ्या नाही. शेवटची दोन वाक्यं मी जेवायच्या आधीच काढून टाकली. कोयबाठाकाकूंचा अडकित्ता मला सगळ्यात आधी फालतू वाटला आणि आता वाटतं तोच सगळ्यात महागात पडला असता. जिने आयुष्यभर लोणचं घातलंय ती बाई विळीवर थांबली, तर तिच्यासाठी माई खोटी झाली, आणि माई खोटी झाली की विनायकही गेला नाही.

आणि पाणपोईंनी तर काहीच 'सांगितलं' नाही.

त्या मुलीला मी काय सांगितलं होतं ते आठवून बघितलं. 'सुरुवात पसरट आहे', 'शेवट अपेक्षित', 'संवाद कृत्रिम', 'निवेदनाचा दृष्टिकोन बदलतो'... एकात तरी मी, वाचणारी बाई, कुठे होते? सगळे शब्द कुठल्यातरी परीक्षणातून उचललेले.

खवचट_खापर | बुधवार, दुपारी २:०३

बरं, मी पण नीट सांगतो. 'दुपारची वेळ होती, ऊन रणरणत होते' वाचताना मला शाळेतला निबंध आठवला आणि मी पुढचं वाचायच्या आधीच माझं मत ठरवून टाकलं. त्यामुळे बरणीचं वाक्य मला दिसलंच नाही. आत्ता टाकबोरूंचं वाचून परत वर गेलो. चांगलं आहे ते वाक्य.

टाकबोरू | बुधवार, दुपारी २:१०

वाचनखूण साठवली! खापररावांनी 'चांगलं आहे' लिहिल्याचा स्क्रीनशॉटही काढून ठेवलाय.

अर्धविराम | बुधवार, सायंकाळी ६:२५

वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी अशा एका गटातून बाहेर पडलेली 'ती' आहे. गोदाकाठ, तुमची नव्हे, दुसऱ्या गावातली.

मी का सोडलं ते सांगते. मुद्दे चुकीचे नव्हते. पण मी सहा महिने रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावून ती कथा लिहिली होती, आणि चर्चा साडेचार मिनिटांत संपली. मी मोबाइलवर वेळ बघितली होती. नंतर सगळे एका चित्रपटावर अर्धा तास बोलले. टीका झाली असती आणि तीही अर्धा तास चालली असती, तर मी गेले असते पुढच्या वेळी. कदाचित रडत, पण गेले असते.

आणि सर्वांसमोर पहिल्याच दिवशी नको. आधी कोणीतरी एकाने फोनवर बोलावं. लोकांत शिकायला हरकत नाही, पण पोहायला शिकवताना पहिल्या दिवशी विहिरीच्या काठावर अख्खा गाव कशाला?

गोदाकाठ | बुधवार, रात्री ९:५०

अर्धविराम, थँक्यू. तुमचं वाचून मी व्हॉट्सॅप बंद केलं आणि सरळ फोन लावला.

गोदाकाठ | रविवार, रात्री ८:१५

अपडेट द्यायला हवा.

तिने फोन उचलला. काल संध्याकाळी भेटलो, गंगापूर रोडला एका टपरीवर. मी माफी मागायची तयारी करून गेले होते, पण तिने मागू दिली नाही. पिशवीतून ती वही काढली. माझे सहाही मुद्दे तिच्या अक्षरात, एकाखाली एक. तिसऱ्यावर खूण केलेली. म्हणाली, "ताई, हा बरोबर होता. त्याच्यावरून मी मधलं सगळं परत लिहिलं. बाकीचे पाच मला आजही कळलेले नाहीत."

मी विचारलं, मग आली का नाहीस?

"तुम्ही सहावा मुद्दा वाचताना घड्याळ बघितलंत."

बघितलं असणार. त्या दिवशी मला सात वाजता कॉलेज रोडला पोचायचं होतं.

नवं हस्तलिखित तिने दिलंय, अकरा पानं. काल रात्री वाचलं, आज पुन्हा. समासात पेन्सिलने फक्त दोन ठिकाणी रेघ मारलीय. एका ठिकाणी लिहिलंय, 'इथे मी थांबले, कारण मला वाटलं तो खोटं बोलतोय. बोलतोय का?' दुसऱ्या ठिकाणी, 'हे वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं.' पानं उद्या तिला नेऊन देणार आहे. पुढच्या बैठकीत यायचं की नाही ते ती बघून सांगणार आहे.

कोयबाठा | रविवार, रात्री ८:४०

आणि माईचं काय? अडकित्ता घातलात का?

गोदाकाठ | रविवार, रात्री ८:४४

घातला. बरणी सून आणते. मोठीच आणते.